चौथा टेप ड्राइव्ह

प्रत्येक यंत्राला एक सीरियल नंबर असतो आणि तो त्या यंत्राचा आत्मा होय. आत्म्यासारखाच तोही मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून चिकटवलेला असतो, आणि तो दिसत नाही म्हणून सहसा कुणाचं काही अडत नाही.

ऑफिसच्या सर्व्हर रूममधल्या टेपकाकांचं मात्र अडलं होतं. अकरा वर्षांनी त्यांची बदली बायकोच्या गावी झाली होती. सर्व्हरांवरच्या माहितीची टेपवर नक्कल उतरवणाऱ्या चार टेप ड्राइव्हचा चार्ज, नंबरांसकट, आज नव्या मॅडमच्या हवाली केला तरच सुटका. नाहीतर ऑर्डर रद्द, असं साहेबांनी हसतमुखाने सांगून ठेवलं होतं. ड्राइव्ह बंद कपाटात. कपाट उघडायचं तर चालू बॅकअप थांबवावा लागणार. तेव्हा नंबर सर्व्हरनाच विचारायचं ठरलं.

दुपारचे तीन वाजले होते. पंख्यांची एकसुरी घूं ऐकता ऐकता काकांना वाटू लागलं की आपण पाण्याखाली बसलोय, हिरवे दिवे भोवती पोहतायत आणि वरून बायको हाका मारतेय.

तीन सर्व्हरांपैकी लिनक्सवर चालणाऱ्याने एका ओळीच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं: दोन ड्राइव्ह, दोन नंबर, विषय संपला. जुन्या युनिक्सने आधी आपल्या ड्राइव्हचं कूळ सांगितलं, मग जन्मस्थान, आणि नंबर नवव्या ओळीत पुटपुटला. विंडोजने सुबक चित्र दाखवलं, नावही सांगितलं. नंबरासाठी मात्र वेगळं टूल टाकावं लागलं. पडद्यावरची पट्टी सावकाश भरत गेली. काका तिच्याबरोबर वाहत थेट बायकोच्या स्वयंपाकघरात पोचले. खिडकीपाशी त्यांची खुर्ची मांडलेली होती.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हा नंबर आत्ताच येऊन गेला."

युनिक्सचा आणि विंडोजचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत एकच होता. दोन सर्व्हर दोन तारांनी एकाच ड्राइव्हकडे बघत होते, आणि काका दरवर्षी पडद्यांवरून मोजून 'चार नग, समक्ष पाहिले' अशी सही ठोकत होते.

काकांना धक्का वगैरे बसला नाही. चौथा दिसायला कसा आहे याचा त्यांनी आजवर विचारच केला नव्हता; तो नाहीच म्हटल्यावर स्पष्ट दिसू लागला. जरा अबोल, अंगावर धूळ न बसणारा.

साहेबांना फोन लावला. त्यांचं म्हणणं, तीन लिहिले तर चौकशी लागेल, आणि ती संपेपर्यंत काका इथेच. भंगारात काढायचा म्हटलं, तरी चौथ्याला आधी हजर करावं लागेल.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "खोट्यावर मी सही करणार नाही, काका."

"खोटं कुठंय? लिनक्सला दोन दिसतात, युनिक्सला एक, विंडोजला एक. ते सांगतात तेवढंच लिहा."

मॅडमनी टोपण पुन्हा काढलं. मग 'सर्व्हरांच्या सांगण्यानुसार चार' असं लिहून त्यांनी सही केली.

काका पाचला निघाले. पुढच्या आठवड्यात सर्व्हिसवाला आला, चारही ड्राइव्ह साफ केले आणि चौथा सर्वांत चांगल्या स्थितीत असल्याचा रिपोर्ट देऊन गेला.