घड्याळजीच्या बायकोचं भिंग

शेजारचे मास्तर घड्याळजीच्या डोळ्यांत सलायचे. का नाही सलणार? बायकोला धूसर दिसायला लागल्यापासून हा माणूस रोज संध्याकाळी जाडजूड कादंबरी घेऊन यायचा, घसा खाकरून ओट्यावर वाचत बसायचा. कादंबरीतली ती खट्याळ नावाडीण काही बोलली की बायको खुदुखुदु हसायची. इकडे घड्याळजी दुकानात चिमट्यात काटा धरून, कान टवकारून बसलेला! उभा जन्म हिच्यासोबत काढला, पण त्याच्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली होती? नुसता जळफळाट व्हायचा त्याचा.

शेवटी त्याने तिला डॉक्टरांकडे नेलंच. मोतीबिंदू काढून बसवलेलं भिंगच इतक्या वर्षांनी आतून पांढुरकं झालंय, असं डॉक्टर म्हणाले. भिंगामागे पडदा धरला असता तर लेझरने भागलं असतं. हे मात्र काढून नवं बसवावं लागेल, आणि जुनं आत घट्ट चिकटलेलं, म्हणजे जोखीम आलीच. तिचा दुसरा डोळा लहानपणापासून अधू. ती घाबरली. राहू दे, मास्तर वाचून दाखवतात की, म्हणाली. झालं! घड्याळजीने तिथल्या तिथे तारीख घेतली.

ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकावर मात्र त्याला दरदरून घाम फुटला. आपल्या जळकेपणापायी हिचा डोळा गेला तर?

डोळा वाचला. थोड्या दिवसांनी अक्षरं लख्ख दिसायला लागली, तेव्हा घड्याळजीने स्वतः जाऊन मास्तरांकडून ती कादंबरी आणली आणि ऐटीत तिच्या हातात ठेवली.

ती वाचत बसली. पानं उलटली, पुन्हा मागे गेली. नावाडीण नाही, नदी नाही, नाव नाही. मग तिला आठवलं, मास्तरांनीही मागे तिच्याच सुमारास तसलंच भिंग बसवून घेतलं होतं. म्हणजे तेही पांढुरकं झालं असणार, त्यांनाही अक्षरं दिसत नव्हती.

तिने हे सांगताच घड्याळजीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. थापाड्या लेकाचा, पुस्तक नुसतं हातात धरून मनचंच ठोकत होता!

बायकोने पुस्तक मिटलं.

"एवढं सगळं माझ्यासाठी रचलं त्यांनी," ती हळूच म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

"आता कुठे? दिसतंय ना तुला?"

"दिसतंय हो. पण नावाडिणीचं पुढे काय झालं, ते या पुस्तकात कुठेय?"