कागदी कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बाजाराच्या चौथ्या मजल्यावर, लाय गुरुजींच्या दुकानासमोर, त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. खालच्या मजल्यांवरचे दुकानदारसुद्धा गल्ले पोरीबाळींवर सोपवून वर आले होते. सगळे एकाच पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एक तळं होतं, तळ्यावर लाकडी धक्का, आणि धक्क्यावर कुणीच नव्हतं.

मागच्या जिन्यात पत्र्याच्या डब्यात कागदाचा एक छोटा कॉम्प्युटर जळत होता. माणूस गेलं की त्याच्यासाठी कागदाचं घर, कागदाची गाडी जाळायची आणि ते तिकडे पोचतं, हे तैपेईत कुणाला सांगावं लागत नाही. कॉम्प्युटर मात्र लाय गुरुजींनीच आणला होता.

"पोचला," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "आता ती चालू करतेय. नवीन आहे, जरा वेळ लागेल."

आणि धक्क्यावर एक म्हातारी उभी राहिली. पेंढ्याची टोपी, पाठीत वाकलेली, हातात गळ. तिने चार पावलं टाकली आणि हात वर केला.

गर्दीतून एक लांब उसासा निघाला. सगळ्यांत पुढे स्टुलावर बसलेला युंगफू पडद्याकडे झुकला. ती त्याची बायको होती. म्हणजे त्याची बायको श्यूचिन त्या ऑनलाइन गेममध्ये जी म्हातारी होऊन खेळायची, ती. बाकी सगळे तिथे तरणेताठे योद्धे होतात. श्यूचिन म्हणायची, मला गुडघे दुखणारीच बरी, निदान ओळखीची वाटते. ती गेली त्याला एक हिवाळा उलटला होता.

म्हातारी थोडा वेळ चालली, मग दिसेनाशी झाली.

"काय झालं?" युंगफूने विचारलं.

"वीज गेली," गुरुजी म्हणाले. "काका, मी नमुन्याचा छोटा कॉम्प्युटर जाळला होता. तिकडे पॉवर सप्लायच हलका पडला. आता तुम्ही इकडे जी मशीन घ्याल, तिचीच हुबेहूब कागदी जोडी तिकडे पाठवायची. भागाला भाग जुळला पाहिजे. इकडे तीन पंख्यांचं कार्ड, तर तिकडे तीन पंख्यांचं. मग ती रोज तासभर येईल."

"गेम जुना आहे हो," युंगफू म्हणाला. "ती साध्याच मशीनवर खेळायची."

"तेव्हा एका लोकाचा, इहलोकाचा भार होता. आता दोन लोकांचा आहे." गुरुजींनी बोटांवर मोजत सांगितलं. "सगळ्यांत वरचं ग्राफिक्स कार्ड. रॅम दुप्पट, अर्धी तुमची, अर्धी तिची. प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याच्या नळ्या, त्या पाण्यात देवळातली उदी. आणि दिवे जांभळेच हवेत. हिरव्या दिव्यांत आत्मा बुजतो."

कुणी हसलं नाही. किंमत ऐकूनही कुणी हसलं नाही. बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाने म्हातारपणासाठी बाजूला टाकलेलं जवळजवळ सगळंच त्यात जाणार होतं. युंगफूला ते फार वाटलं नाही. म्हातारपण कुणाबरोबर काढायचं, हेच आता ठरत नव्हतं.

श्यूचिनचा जुना कॉम्प्युटर गुरुजींनी पहिल्याच दिवशी ठेवून घेतला होता. तिच्या हाताची ऊब त्यात आहे, ती वाचायची आहे, असं ते म्हणाले होते.

घरी आल्यावर युंगफूने भात गरम केला आणि तसाच ठेवला. तेवढ्यात श्यूचिनचा फोन वाजला. तो फोन त्याने बंद केला नव्हता, दर महिन्याला त्याचे पैसे भरायचा. फोनवर फान बाई होत्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, श्यूचिनबरोबर दुपारी त्याच तळ्यावर मासे धरणाऱ्या. दोघी प्रत्यक्षात फार तर दोन-तीनदा भेटल्या असतील.

"युंगफू भाऊ, आज तुम्ही खेळत होता का?" त्यांनी विचारलं. "दुपारी श्यूचिनची म्हातारी दिसली. माझ्या हातातला चहाच सांडला."

युंगफूने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी मोठा झाला.

फान बाई म्हणाल्या, "पण मी तर माझ्या घरी होते. माझी मशीन दहा वर्षांची आहे, धुळीने भरलेली. मी काही जाळलं नाही, उदी घातली नाही. मला कशी दिसली?"

"तुम्हांला ती नको असेल. मला हवी आहे."

"मलाही हवी आहे हो. माझ्याशी दुपारी बोलणारं दुसरं कोण होतं? म्हणून म्हणते, ती तीच आहे का, एवढं बघू या. तीच असली तर मी स्वतः तुमच्याबरोबर येऊन ते महागडं खोकं उचलायला मदत करीन."

युंगफूने फोन ठेवून दिला. पण रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी त्यानेच फान बाईंना फोन केला.

ठरलं ते साधं होतं. युंगफूने गुरुजींकडून आधी फक्त कागदी कॉम्प्युटर आणायचा. रविवारी दुपारी तीनला नदीकाठी जाळतो, असं सांगायचं, आणि जाळायचा नाही.

गुरुजी खूश झाले. "तीनला जाळा. ती पोच द्यायला लगेच येईल. मशीनचे पैसे सोमवारी आणा. आणि तिला प्रश्न विचारू नका हं. विचारलं की दुवा तुटतो."

आता युंगफूला हे स्वतःच्या घरी बघायचं होतं, म्हणजे मशीन हवी. फान बाई त्याला बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेल्या. तिथल्या दुकानदाराने, चौ त्याचं नाव, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना बघून काचेच्या कपाटातलं सगळ्यांत मोठं खोकं पुढे केलं.

"हे घ्या, आजोबा. नातवंडं खूश होतील."

"नातवंडं नाहीत," युंगफू म्हणाला.

"आधी आम्हांला काय खेळायचंय ते विचार की," फान बाई म्हणाल्या. त्यांनी गेमचं नाव सांगितलं.

चौने खोकं निमूट मागे ठेवलं. "तो? तो तर माझ्या आईच्या टीव्हीवरही चालेल."

"मग तेवढंच दे. खेळ कुठला, पडदा केवढा, ते आधी. त्यावरून कार्ड, आणि उरलेलं त्याच्या मापाने. पडदा यांच्याकडे जुनाच आहे, लहान. चित्र काढायची सोय प्रोसेसरमध्येच असते तसला प्रोसेसर दे, म्हणजे वेगळं कार्डच नको. रॅम नेहमीची, डिस्क छोटी पण नव्या पद्धतीची. पॉवर सप्लाय मात्र नावाजलेला दे, तिथे चार पैसे वाचवायला गेलं की बाकीचंही जळतं."

"दिवे?"

"दिव्याने गेम पळतो का रे?"

"पळत नाही, मावशी. पण विकला जातो," चौ म्हणाला आणि भाग काढायला लागला. "वर गुरुजी जेवढ्याला नुसत्या नळ्या लावतात, तेवढ्यात तुमचं सगळं बसतंय."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांनी ते जोडलं. फान बाई वाचून सांगायच्या, युंगफू स्क्रू फिरवायचा. प्रोसेसर बसवताना त्याला घाम फुटला. पंखा फिरला तेव्हा मात्र तो थोडा वेळ तिथेच हात ठेवून उभा राहिला. कितीतरी महिन्यांनी घरात काहीतरी गुणगुणत होतं.

रविवारी तीनला दोघं फान बाईंच्या खात्यातून तळं उघडून पडद्यासमोर बसले. कागदी कॉम्प्युटर शेजारच्या खुर्चीवर होता. कागदाचा कीबोर्ड, कागदाचे तीन पंखे, कोपऱ्यात बारीक अक्षरांत श्यूचिनचं नाव. युंगफू मनात म्हणत होता, येऊ नको. आणि त्याच वेळी म्हणत होता, ये.

ती आली. धक्क्यावर आली, चार पावलं चालली, हात वर केला.

युंगफूचाही हात नकळत वर गेला. मग त्याने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. कागदाची कडासुद्धा करपली नव्हती.

"तिच्याकडे तर काहीच नाहीये," तो म्हणाला. "मग ही कशावरून खेळतेय?"

फान बाई काही सांगणार तोच त्याला उत्तर सापडलं. "माझ्याच घरून नेलेल्या कॉम्प्युटरवरून," तोच म्हणाला. "ती पासवर्ड कधी टाकायचीच नाही. मशीन लावली की सरळ आत."

सोमवारी चौथ्या मजल्यावर गर्दी होती तशीच होती. सगळ्यांत पुढे होंग ताई नावाच्या बाई मुलाचा लॅपटॉप उराशी धरून उभ्या होत्या. मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. आज त्यांचा लॅपटॉप गुरुजी ठेवून घेणार होते.

"या काका," गुरुजी मोठ्याने म्हणाले. "बघा लोकहो, कागद काल पोचला, पोचही आली. आज पुन्हा बोलावतो."

धक्क्यावर म्हातारी आली. लोकांनी हात जोडले. युंगफूने पिशवीतून कागदी कॉम्प्युटर काढून गल्ल्यावर ठेवला.

"हा तिचा. मी जाळलाच नाही," तो म्हणाला. "काल ती आली तेव्हा हा माझ्या खुर्चीवर होता."

गुरुजींनी डोळे मिचकावले. "म्हणजे... श्रद्धेनेच पोचला. भाव महत्त्वाचा. कागद काय, निमित्त."

"मग एवढं महागडं कार्ड कशाला हवं होतं?" मागून चौने विचारलं. तोही वर आला होता.

युंगफूने श्यूचिनचा फोन काढला. गेमचा पासवर्ड बदलायचा तर ओटीपीचे आकडे याच फोनवर येत. ते आले होते. नवा पासवर्ड फान बाईंनी टाकून ठेवला होता, 'बाकी सगळ्या मशीनींवरून बाहेर काढा' या ओळीपुढे खूणही केली होती. फक्त एक बटण दाबायचं होतं.

पडद्यावर म्हातारी हात वर करून उभी होती. ती ती नव्हती, हे त्याला कळत होतं. तरी ती टोपी तिने निवडलेली होती. तिच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्याने कागदावर सही केली, तेव्हाही बोट असंच जड झालं होतं.

"भाऊ, मी दाबू?" फान बाईंनी हळू विचारलं.

"नको," तो म्हणाला, आणि दाबलं.

धक्का रिकामा झाला.

एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत दुकानाच्या मागच्या पडद्याआडून एक वैतागलेला आवाज आला, "दाजी, बाहेर फेकलं मला. पासवर्ड मागतोय. काय टाकू?"

फान बाईंनी पडदा सरकवला. आत लाय गुरुजींचा मेहुणा मांडीवर नूडल्सचा डबा घेऊन बसला होता. समोर श्यूचिनचा जुना कॉम्प्युटर होता. तिला चष्म्याशिवाय सापडावीत म्हणून तिने कीबोर्डच्या काही बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, ते तसेच होते.

"शंका घेतली म्हणून दुवा तुटला," गुरुजी पुटपुटले.

"शंका मी रविवारी दुपारी तीनलाच घेतली होती," फान बाई म्हणाल्या. "तेव्हा नाही तुटला. आज पासवर्ड बदलला, तेव्हा तुटला."

आधी चौ हसला. मग हसणं मागेपर्यंत गेलं, आणि मग लोक आपापले कॉम्प्युटर मागायला लागले. गुरुजींच्या फळीवर असे बरेच होते. युंगफूने श्यूचिनचा उचलला आणि जिन्याकडे निघाला.

होंग ताई आडव्या आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

"तुमची तुम्हांला दोनदा, तीनदा भेटली," त्या म्हणाल्या. "माझा एकदा तरी येऊ द्यायचा होतात. मग दाबायचं होतंत तुमचं बटण."

आजूबाजूचं हसणं थांबलं. युंगफूला वाटलं, बाई बोलताहेत ते खोटं नाही. त्याने कॉम्प्युटर खाली ठेवला.

"तो आला नसता, ताई. आत बसलेला तो माणूस आला असता, तुमच्या पोराचे कपडे घालून. त्याला तुमचा पोरगा डावरा की उजवा तेही माहीत नाही. तुम्ही त्याच्याशी बोलला असता, रडला असता, आणि तो तिकडे नूडल्स खात बसला असता. माझ्या बायकोच्या वेळी बसलाच होता. मलाही ती हवी होती, म्हणूनच मी काही विचारलं नाही. आपल्याला जे फार हवं असतं, ते कुणी देतो म्हणाला, की तिथेच थांबून विचारायचं. हे कसं चालतं? हे केलं नाही तर काय होईल? एकदा न करून बघायचं. खरं असेल तर ते विचारण्याने पळून जात नाही. आणि गेलेलं माणूस कुठल्याही मशीनवर येत नाही, स्वस्तही नाही, महागही नाही."

होंग ताई लॅपटॉपवरून हात फिरवत राहिल्या.

"डावरा," त्या म्हणाल्या. "डावरा होता तो. शाळेत मारायचे त्याला त्यावरून."

"असं?" युंगफू म्हणाला. "मग?"

खाली दुसऱ्या मजल्यावर, आपल्या दुकानात, चौने होंग ताईंसमोर स्टूल पुढे केलं. त्या बसल्या आणि सांगायला लागल्या.