शब्द ब्रोन्याचे, पाणी तेओफिलाचे

कामिशोव्कात मार्च महिन्यात दुपारी अशी एक वेळ येते, की आभाळ कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळत नाही. सावल्या नाहीशा होतात. गावातली घरं मधेच कुठेतरी तरंगत असल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्या धुराड्यांतून निघालेला धूर त्यांना वरून धरून ठेवतो आहे असं वाटतं. त्या रविवारी मिस्सेची प्रार्थना आटोपल्यावर तेओफिला चर्चमधून बाहेर पडली ती अशाच वेळी. आपण चालतो आहोत की उभ्याच आहोत, हे तिला घराच्या पायरीला पाय लागेपर्यंत कळलं नाही.

चर्च म्हणजे पूर्वीचं धान्याचं कोठार. गावात राहायला आलेले पहिलेच पाद्री फादर इग्नात्सी मिस्सा झाल्यावर नव्या आईबापांना थांबवून घेत आणि बाप्तिस्म्याची तयारी करून घेत. तेओफिला शेगडीच्या उबेला मागच्या बाकावर बसून राही. आज फादरांनी कुणाच्या तरी मुलीची बाहुली आणली होती. तिच्या डोक्यावर जगमधून पाणी ओतून दाखवत ते म्हणाले,

"फादर वेळेवर पोचू शकले नाहीत आणि बाळाच्या जिवाला धोका असेल, तर घरातलं कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. फक्त एक लक्षात ठेवा. पाणी ज्याच्या हातून पडेल, शब्द त्याच्याच तोंडून आले पाहिजेत. एकानं ओतलं आणि दुसऱ्यानं म्हटलं, तर तो बाप्तिस्मा होत नाही."

बटाटा लावताना डोळा वर ठेवा म्हणावं, इतक्या सहज ते म्हणाले. मग बाहुली पुसून त्यांनी मुलीला परत दिली.

या गावात मुलांना बाप्तिस्मा ब्रोन्या आणि तेओफिला या दोन बहिणींनी दिला होता. त्यांना, त्यांच्या आईला, सगळ्या गावालाच सरकारनं हद्दपार करून, आगगाडीतून आणून या गवताळ माळावर सोडलं, तेव्हा पाद्री कुणी बरोबर आला नाही. प्रार्थनेला बंदी, म्हणून खिडकीवर घोंगडी टांगून बायका स्वयंपाकघरात मिस्सा म्हणत. पाद्र्यानं म्हणायचे शब्द आले की सगळ्या गप्प होत आणि तेवढा वेळ रिकामा ठेवून पुढे जात. बाप्तिस्म्याचे शब्द आईनं मरताना थोरल्या ब्रोन्याला दिले, कारण धाकटी तेओफिला ते उलटसुलट करी. पण रेल्वेच्या कामावर असताना ब्रोन्याची बोटं थंडीनं गेली होती. तिला जग धरता येईना. म्हणून मग शब्द ब्रोन्याचे, पाणी तेओफिलाचे. पावाचा तुकडा मोडून घ्यावा तसं बहिणींनी ते वाटून घेतलं होतं. ब्रोन्या गेली तेव्हा अर्ध्या गावानं तिला खांदा दिला.

तेओफिलानं पावावर सुरीच्या टोकानं क्रूस काढला, पाव कापला, आणि तो न खाता तशीच बसून राहिली. गाव तिच्या मनात नंतर आलं. आधी आला अलोयझी.

अलोयझी तिचा मुलगा. बर्फाच्या वादळात जन्मला. नवरा ट्रॅक्टर स्टेशनवर अडकलेला. पोराचा रंग पहिल्यापासूनच पाण्यातल्या बर्फासारखा निळसर. ब्रोन्या भिंतींना धरत धरत आली. तिनं म्हटलं, हिनं ओतलं. गाईंच्या पुढच्या धारेच्या वेळेपर्यंत पोर गेलं होतं. त्यानंतर इतक्या वर्षांत तेओफिला ज्या एका गोष्टीला धरून उभी होती ती ही, की मी त्याला जाताना बाप्तिस्म्याविना, रिकामं पाठवलं नाही.

बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. ब्रोन्या गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभी होती, डोक्याला पांढरा रुमाल. ती बोलत होती, पण आवाज येत नव्हता, नुसती वाफ येत होती. वाफ हवेत गोठून तिचे बारीक कण होत होते, आणि ते कण तेओफिलाच्या हातातल्या जगमध्ये टिकटिक पडत होते. जग भरत आला होता. ओत, असं ब्रोन्यानं मानेनं खुणावलं. तेओफिलानं खाली पाहिलं, तर पुढे कुणीच नव्हतं, नुसता बर्फ.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर चर्चच्या दारातला बर्फ फावड्यानं ओढत होते. तेओफिलानं त्यांना तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गावाचं आधी सांगितलं. अलोयझीचं सांगताना ती फावड्याकडे बघत होती.

फादर तरुण होते. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"आजी, खोटं सांगून मला तुमचं समाधान करायचं नाही."

"मी मागितलंय का समाधान? माझं पोर कुठे आहे ते सांगा."

"अशी मुलं देवाच्या दयेवर सोपवावीत, असं चर्च सांगतं. ती दया आपल्या मापानं मोजता येत नाही. याहून जास्त मला माहीत नाही. एक विचारू? तुम्ही ओतत होतात, तेव्हा गप्प असायचात?"

"म्हणजे?"

"ब्रोन्याबाई म्हणत असताना तुम्हीही म्हणत होतात का? हळू, ओठांत का होईना. तुम्ही ओतलंत आणि तुम्हीच म्हटलंत, तर तो बाप्तिस्मा झालाच. शेजारी आणखी कोण काय म्हणत होतं, याला महत्त्व नाही."

तेओफिलाला आपले हात लख्ख आठवत होते. जगचा निळा कान, त्यावरचा उडालेला टवका, पाण्याची धार, धारेखालचा टाळूचा ठोका, सगळं. पण ओठ? स्वतःचे ओठ कुणाला दिसतात?

"कुणीतरी पाहिलं असेल," फादर म्हणाले.

ते दोघं मार्त्सेलाकडे गेले. मार्त्सेला तेओफिलाच्या बरोबरीची. दोघींनी जन्मभर एकाच गोठ्यात गाई पिळल्या होत्या. ती बटाटे सोलत बसली होती आणि तिचा मुलगा, ट्रॅक्टर चालवणारा झेनोन, लोकरीच्या नमद्याच्या बुटाला तळ ठोकत होता. फादरांनी प्रश्न विचारला. मार्त्सेलानं सुरी खाली ठेवून तेओफिलाकडे असं पाहिलं, जणू हिला वेड लागलंय.

"ही? गप्प? अहो फादर, ही बाई गाईशी बोलते, शेगडीशी बोलते, झोपेत जपमाळ म्हणते. आमच्या झेनोनच्या वेळी ब्रोन्या हिच्यावर खेकसली होती. म्हणाली, माझ्या मागे पुटपुटू नकोस, खोलीत मधमाशी शिरल्यासारखं वाटतं!"

"मला ते शब्द धड येत नव्हते गं," तेओफिला म्हणाली.

"म्हणून तर तिच्या मागे मागे म्हणायचीस. शाळेतलं ढ पोर म्हणतं तसं."

"खरं सांग, मार्त्सेला. मला बरं वाटावं म्हणून नको."

"तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काय केलंय?"

झेनोननं हातोडी थांबवली. "थांबा, म्हणजे माझा झालाय की नाही? नसला झाला, तर इतकी वर्षं मी शुक्रवारी उपास म्हणून सॉसेज उगाचच सोडलं?"

"तू सोडतोस?" त्याची आई म्हणाली. "माझ्यासमोर सोडतोस."

फादर हसले. मग म्हणाले, मधमाशी पुरेशी असावी असं मला वाटतं. पण ती सगळे शब्द नीट म्हणत होती का, हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून ज्यांना ज्यांना ओतलं, त्या सगळ्यांना मी अटीचा बाप्तिस्मा देईन. शब्द तेच, आधी फक्त एक 'जर' जोडायचा.

"आत्ताच देऊन टाका," झेनोन म्हणाला. "उद्या ट्रॅक्टर काढायचाय. माळावर काय होईल, काय नेम?"

अशा रीतीनं मार्त्सेलाच्या स्वयंपाकघरात, बटाट्यांचं घमेलं रिकामं करून, तो भलामोठा माणूस वाकला. त्याच्या कानांची कातडी थंडीनं कधीचीच सोललेली, मानेवर वंगणाचा डाग. फादरांनी आपल्या हातानं पाणी ओतलं आणि आपल्या तोंडानं म्हटलं, "झेनोन, जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो." तेओफिलानं टॉवेल धरला होता. पुसताना झेनोन पुटपुटला, "मावशी, तुझं पाणी जास्त गरम असायचं म्हणे."

"तू रडला नव्हतास," ती म्हणाली.

अलोयझीला मात्र असा 'जर' मिळण्यासारखा नव्हता. मेलेल्यांना बाप्तिस्मा देत नाहीत, हे तिला फादरांनी सांगायच्या आधीच माहीत होतं. आणि त्याच्या वेळी तिथे कुणी मार्त्सेला नव्हती. होती ब्रोन्या, ती गेली. मधमाशी बाकीच्या दिवशी गुणगुणत असेल. पण त्या दिवशी तेओफिला रडत होती. रडणारी बाई पुटपुटते का?

हाच प्रश्न घेऊन ती दुपारी कबरस्तानात गेली. पुन्हा तीच बिनसावलीची वेळ. बर्फ क्रुसांच्या हातांपर्यंत आलेला, त्यामुळे सगळे क्रूस छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांसारखे दिसत होते. अलोयझीचा क्रूस सगळ्यात बुटका. नवऱ्यानं पाइपाचे तुकडे जोडून केलेला आणि निळा रंगवलेला. त्याचं टोकच तेवढं वर होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि हातानं बर्फ उकरू लागली. खाली आडवा पाइप लागला, तेव्हा तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत न आलेलं, त्याच दिवसाचं रडू. आवाज नव्हता त्याला. तिनं डोळे मिटले. जगचा निळा कान हातात आला. धारेखाली टाळूचा ठोका लागला, मंद, मग आणखी मंद. ब्रोन्या कुठे आहे, ती काय म्हणते आहे, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. एका झुळुकीनं बर्फाची भुकटी गालावर आली, आणि मग तिला सुचलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. रडं थांबवलं नाही. फक्त उजवा हात हातमोज्यातून बाहेर काढला आणि बोट ओठांवर ठेवलं.

ओठ हलत होते.