टेम्पोच्या पाण्यावरचा दरवान

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. दिसायला मी पेढ्यापेक्षा थोडा मोठा, पितळेचा, मधोमध एक झाकण. इंजिनातलं पाणी ज्या वाटेनं रेडिएटरकडे जातं, त्या वाटेवरचा मी दरवान. इंजिन गार असलं की माझं दार बंद. पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन पटकन तापतं. पुरेसं तापलं की माझ्या पोटातलं मेण वितळतं, फुगतं आणि दार ढकलून उघडतं. मग पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवून येतं. मला वीज लागत नाही, हुकूम लागत नाही. एवढी अक्कल पोटात घेऊन जन्मलो, म्हणून जरा तोरा आहे माझ्यात. असू द्या.

ज्या डिझेल टेम्पोत मला बसवलं, तो १९९४ साली मखमलाबादच्या वाल्मीककडे आला. वाल्मीक आणि त्याची बायको शुभांगी मळ्यात झेंडू, शेवंती आणि भाजी पिकवत. फुलं जायची त्र्यंबकेश्वरला. टेम्पो येण्याआधी शुभांगी डोक्यावर टोपल्या घेऊन एसटीची वाट बघायची. कंडक्टर टोपल्या टपावर टाकायला लावायचा आणि देवळापाशी पोचेपर्यंत वाऱ्यानं निम्मी फुलं मान टाकायची. टेम्पो आला आणि तो वनवास संपला. दोन वर्षं आम्ही सुखानं धावलो. मला कुणी ओळखत नव्हतं, पण चांगल्या दरवानाला कोण ओळखतं?

मग एका मे महिन्यात अंजनेरीच्या चढाला रेडिएटर उकळला. वाफेचा हा लोट! वाल्मीक घाबरला आणि गाडी कशीबशी पेठ नाक्यावर लहानू मिस्त्रीकडे घेऊन गेला. त्या काळी अर्ध्या नाशिकचा एकच इलाज ठरलेला होता.

"वाल्मीकभाऊ, हा वॉल काढून टाकू. पाणी मोकळं फिरंल, गाडी थंडगार. आपल्या हवेत याची गरजच नाय," लहानू म्हणाला.

दोन बोल्ट सुटले आणि मी बाहेर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. वाल्मीकनं मला सीटखालच्या पान्यांच्या डब्यात टाकलं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्या डब्यात बसून मी सगळं ऐकत होतो. टेम्पोतला तापमानाचा काटा आता कायम तळाला. वाल्मीक येईल त्याला कौतुकानं दाखवायचा, "बघ, काटा हालत नाय. लय थंड गाडी!" मी मनात म्हणायचो, अरे बाबा, चूल पेटल्याशिवाय भाकरी भाजते का? गार इंजिनात डिझेल नीट जळेना. पहाटे पांढऱ्या धुराचे ढग निघायचे. डिझेल जास्त लागू लागलं, ऑइल लवकर खराब होऊ लागलं आणि चढावर गाडी धापा टाकू लागली. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता वाल्मीकनं जाहीर केलं, "गाडी म्हातारी झाली. सटाण्याचं गिऱ्हाईक दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊन जाईल."

शुभांगीला पुन्हा एसटीचा टप दिसू लागला.

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारं पुजतात, हे तुम्हाला माहीतच आहे. कुदळ, खुरपं, विळा आणि टेम्पोचे पानेसुद्धा. तेल-माती निघावी म्हणून शुभांगीनं चुलीवर पातेलं ठेवलं, पाण्यात सोडा टाकला आणि आमचा डबा त्यात रिकामा केला. पाणी रटरटत होतं. कित्येक दिवसांनी ती ऊब पोटाला लागली आणि, काय सांगू मित्रांनो, मी दार उघडलं!

"अगं बाई!" शुभांगीची सासू धोंडाबाई मागे सरकली. "माशानं तोंड उघडावं तसं काय उघडलं गं ते?"

शुभांगीनं चिमट्यानं मला बाहेर काढलं. मी निवलो, दार मिटलं. तिनं पुन्हा बुडवलं. मी पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदाही. पाने तसेच राहिले, पूजा राहिली, दोघी सासू-सुना माझ्यावर वाकून बसल्या. माझं एवढं कौतुक कारखान्यातही झालं नव्हतं.

"अहो, हे कुठं असतं?" तिनं वाल्मीकला विचारलं.

"इंजिनात असायचं. लहानूनं काढलंय. काय कामाचं नाय ते."

"कामाचं नाय तर कंपनीनं बसवलं कशाला?"

वाल्मीकनं कान खाजवला. "गाडी उद्या जायची. आता कशाला उठाठेव?"

"जायची तर जाऊ द्या. पण मला बघायचंय."

मला घेऊन दोघं टेम्पोनं लहानूकडे पोचले तेव्हा तो धुतलेले पाने पाटावर मांडायच्या बेतात होता. एकदा पूजा झाली की दसरा सरेपर्यंत तो पान्याला हात लावत नसे.

"वहिनी, परवा या."

"परवा गाडी आमची नसंल, लहानूभाऊ. हळद-कुंकू वाहायच्या आधी एकदाच पाना उचला."

लहानूनं मला चहाच्या उकळत्या आधणात बुडवून बघितलं. माझं दार उघडताना बघून तो हसला. "हा तर जित्ता हाय!" मग पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की याचा दोष नसेल तर तेव्हा पाणी उकळलं कशानं? त्यानं रेडिएटरसमोर बसून जाळीत बोट घातलं. आत वाळक्या झेंडूच्या पाकळ्या, गवत आणि चिखल ठासून भरला होता. भर उन्हात चढाला पुरेल एवढी हवाच आत जात नव्हती. "घ्या! तुमच्याच फुलांनी तुमच्या गाडीचं नाक दाबलंय." त्यानं जाळी धुतली, नवं पॅकिंग कापलं आणि मला माझ्या जागी बसवलं. मग पाने पाटावर ठेवले.

दसऱ्याच्या पहाटे झेंडू काठोकाठ भरून आम्ही निघालो. आनंदवली येईतो काटा तळ सोडून वर चढू लागला. सवय नसलेला वाल्मीक घामाघूम झाला.

"उकळतीय! बंद करतो गाडी."

"थांबा. पातेल्यातही ते लगेच उघडलं नव्हतं."

"इंजिन गेलं तर गिऱ्हाइकाला काय सांगू?"

काटा चढतच होता. माझं मेण मऊ होत होतं. अरे, जरा दम धर, उघडतोय रे, असं मला ओरडावंसं वाटत होतं. वाल्मीकचा हात चावीवर गेला आणि शुभांगीनं तो धरून ठेवला. तेवढ्यात माझं दार उघडलं. काटा मध्यावर आला आणि थांबला.

अंजनेरीचा तो चढ आम्ही भरल्या टेम्पोनं एका दमात चढलो. काटा जागचा हलला नाही. वाल्मीक सारखा आरशात मागचा धूर शोधत होता आणि तो दिसतच नव्हता. दुपारी सटाण्याच्या गिऱ्हाइकानं इंजिनाचा आवाज ऐकला आणि खूश होऊन म्हणाला, "गाडी तं चांगली शे!"

"हो ना. म्हणूनच इकायची नाय," वाल्मीक म्हणाला आणि त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

पुढे दहा-बारा वर्षं मी दार उघडलं, मिटलं. मित्रांनो, एखादी गोष्ट नडते असं वाटलं तर उपटून फेकण्याआधी ती तिथं का आहे एवढं तरी विचारा. माझं एवढंच मागणं आहे.

आता टेम्पो नाही, नवी गाडी आहे. पण दर खंडेनवमीला शुभांगी मला गरम पाण्यात सोडते आणि पोरं भोवती जमतात. यंदा पाणी उकळून सांडलं, तरी माझं दार उघडलं नाही. मी खूप जोर लावला. लाजेनं मेल्यासारखं झालं.

"आई, हे गेलं. टाकून दे," तिची मुलगी निकिता म्हणाली.

शुभांगीनं मला पदरानं पुसलं आणि उजेडात धरून डोळ्याजवळ नेलं.

"थांब गं," ती म्हणाली. "का उघडत नाय, ते तर बघू आधी."