मायणीपासून पुढे

"मावशी, हितं सही करा की. म्हंजे तुमी मोकळ्या, मी मोकळा."

कोर्टाचा कारकून आप्पासोने प्रवासभत्त्याच्या बिलाचा कागद महानंदाबाईंच्या पुढे सरकवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. वडूजच्या कोर्टात भत्त्याचे पैसे देणाऱ्या नाझरच्या खोलीतल्या पंख्याला कागद उडवण्याची भारी हौस, म्हणून त्याने वर आपला जर्द्याचा डबा ठेवला होता. कागदाच्या कोपऱ्यात एसटीचं तिकीट टाचलेलं होतं. तासगाव ते वडूज. खाली छापलेलं होतं : 'वर नमूद केलेला प्रवास मी प्रत्यक्ष केला आहे.'

महानंदाबाईंनी पेन हातात घेतलं. टोक कागदाला लावलं आणि उचललं.

"का वं? पेन चालंना?"

"चालतंय. जेवणाच्या सुट्टीनंतर करते."

"सहीला काय पोट भरलेलं लागतंय व्हय?" आप्पासो हसला. "तिकीट हाय, हजेरीचा दाखला हाय. असं सोवळं बिल माझ्याकडं वरसातनं एकदा येतंय. आमचं साक्षीदार तर तिकिटाची पुंगळी करून कान कोरत्यात आन् मग माझ्या नावानं शिमगा."

एरवी बाईंना हसू आलं असतं. आज त्या नुसत्याच "आलेच" म्हणाल्या आणि पिशवी सावरत व्हरांड्यात आल्या. 

बाईंचं माहेर जतच्या पलीकडचं, पार सीमेवरचं. घरात कानडी, शाळाही सातवीपर्यंत कानडी. लग्न होऊन तासगावला आल्या तेव्हा त्यांना मराठीत मीठ मागता येत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "सून आणली का मुकी म्हैस?" पुढे बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसता बसता शेजारणींच्या तोंडून मराठी शिकल्या, ती शिव्यांसकट शिकल्या. एकदा तासगावच्या कोर्टात एक कानडी म्हातारा साक्षीला उभा राहिला आणि कोणालाच त्याचं काही कळेना, तेव्हा शेडवरून बाईंना बोलावणं आलं. बेदाण्याचे चिकट हात धुऊन त्या तशाच गेल्या. त्याला वीस वर्षांच्या वर झाली. तेव्हापासून जिथे कानडी साक्षीदार, तिथे दुभाषी म्हणून महानंदाबाई. बेदाण्याचं काम गुडघ्यांनी सोडायला लावलं, हे काम राहिलं.

त्या पहिल्या दिवशीच्या न्यायाधीशांचा चेहरा बाईंना अजून आठवे. पांढऱ्या मिश्या, बोलणं अगदी सावकाश. ते म्हणाले होते, "बाई, तुम्ही इथं साक्षीदाराची जीभ. तो 'मी' म्हणाला की तुम्हीही 'मी' म्हणायचं. आणि जिभेनं कुणाच्या ताटात जेवायचं नसतं, ध्यानात ठेवा." बाईंनी ते असं ध्यानात ठेवलं की कोर्टाच्या दिवशी पाणीसुद्धा घरचं नेत. कोणी चहा विचारला तर म्हणत, "मला चहा सोसत नाही." घरी दिवसाला चार कप पीत.

आणि आज सकाळी त्या चुकल्या होत्या.

मायणीपाशी एसटीने खोकून खोकून शेवटी जीव सोडला. कंडक्टर म्हणाला, "मागनं दुसरी गाडी येती, ह्याच तिकिटावर जावा." माणसं बाभळीखाली पांगली. दुसरी गाडी येईना. बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. कोर्टाचा पुकारा झाला आणि दुभाषी नाही, असं आजवर एकदाही झालं नव्हतं. एवढ्यात एक पिकअप करकचून थांबली. पुढे धुळा, आणि त्याच्या शेजारी त्याची आई यल्लव्वा. आजची साक्षीदार. मागच्या तारखेला काम चाललं नव्हतं, पण तोंडओळख झाली होती.

"बा यव्वा, कूड," म्हातारीने दार उघडलं. ये आई, बस.

'नको' हा शब्द बाईंच्या ओठावर होता. पण म्हातारीने ज्या बोलीत बोलावलं, ती बोली त्यांच्या आईची. त्या चढल्या.

वाटेत खटल्याचं अक्षर निघालं नाही. यल्लव्वाने विचारलं, पोरं किती? बाईंनी विचारलं, तिकडं यंदा ज्वारी कशी? मग म्हातारीने फडकं सोडलं. पापडासारखी कडक वाळलेली भाकरी, वर शेंगांची चटणी. तिने भाकरी मोडली आणि अर्धी बाईंच्या हातात दिली. पिशवीत बाईंचा स्वतःचा डबा होता, पोळी-भाजीने गच्च भरलेला. भूकही नव्हती. पण तसली भाकरी आई गेल्यापासून त्यांच्या दाताखाली आली नव्हती. वडूज येईपर्यंत त्यांनी ती कडेकडेने, लहान पोरासारखी चघळून खाल्ली.

खटला यल्लव्वाच्या नवऱ्याचा, बिराप्पाचा होता. मेंढरं घेऊन ही माणसं इकडे आली होती. पडीक रानात मेंढरं शिरली यावरून तिथल्या वीरधवल नावाच्या तरुणाशी वाद झाला आणि त्याच्या जीपखाली बिराप्पा गेला. वीरधवल म्हणत होता, अपघात. बघणारी एकटी यल्लव्वा. सकाळी पिंजऱ्यात उभी राहून तिने सांगितलं आणि बाईंनी मराठीत म्हटलं : "त्यानं मान वळवून मागं बघितलं. माझा नवरा त्याला दिसला. मग त्यानं गाडी मागं घेतली." सगळा खटला त्या वळलेल्या मानेवर उभा होता. उलटतपासणी जेवणानंतर व्हायची होती.

व्हरांड्याच्या टोकाला वीरधवलचे वकील नानासो टपरीवरचा चहा घेत उभे होते. बाई दिसताच म्हणाले, "काय मावशी, एसटी आज वेळेत आली म्हणायची!"

बाईंच्या मनात आलं, ह्यांनी बघितलं? की उगीच आपलं बोलले? वकिलाच्या तोंडावरून काही कळलं तर तो वकील कसला.

"आली म्हणायची," त्या कशाबशा म्हणाल्या.

लिंबाच्या झाडाखाली यल्लव्वा आणि धुळा फडकं सोडून बसले होते. म्हातारीने लांबूनच हात हलवला. बाईंनी न बघितल्यासारखं केलं आणि त्या परत आप्पासोच्या खोलीत शिरल्या. दार लोटून घेतलं.

"आप्पासो, मी मायणीपासून एसटीनं आले नाही. साक्षीदाराच्या गाडीतनं आले. आणि तिची भाकरी खाल्ली."

आप्पासोचा जर्दा चोळणारा अंगठा थांबला. "मग? तिकीट खोटं हाय का? सरकारी गाडी मेली त्यात तुमचा काय गुन्हा? सही ठोका आन् इसरा."

"खाली काय लिहिलंय वाच की. प्रवास मी प्रत्यक्ष केला आहे."

"मावशी, त्या वळीवर सह्या करून माणसं रिटायर झाली!" मग त्याने आवाज उतरवला. "आवं, तुमी त्वांड उघडलं तर म्हातारीची साक्ष पाण्यात जाईल. नानासो वकील सोडतोय व्हय? गप ऱ्हावा. एकुलती साक्ष हाय तिची."

"आणि मागनं कळलं तर? निकालानंतर? मग ते म्हणतील, ही बाई म्हातारीच्या ताटातली, हिनं तिला पढवलं. मान वळवलीच नव्हती म्हणतील."

"कोण सांगणार?"

बाभळीखाली बसभर माणसं होती. धुळा होता, ज्याला यात लपवण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि स्वतः यल्लव्वा. उलटतपासणीत नुसतं कोणी विचारलं, "आज कशी आलीस?" की ती हसून सांगून टाकील. आणि ते मराठीत सांगायचं कोणी? आपणच.

पुकारा झाला तेव्हा महानंदाबाई पिंजऱ्याजवळ आपल्या जागी गेल्या नाहीत. न्यायाधीशांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. न्यायाधीश तरुण होत्या, बाईंच्या थोरल्या लेकीच्या वयाच्या.

"मॅडम, मला काही सांगायचंय. माझं स्वतःचं."

सांगून झालं तेव्हा टायपिंगचा आवाज थांबला. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. नानासो उठले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या उघड्या तोंडावरून बाईंना आत्ता कळलं.

"माझी हरकत आहे, मॅडम. दुभाषी साक्षीदाराच्या गाडीतून येते, तिचं अन्न खाते. सकाळच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"साक्षीदाराला विचारू," न्यायाधीश म्हणाल्या. "बाई, विचारा तिला, गाडीत काय बोलणं झालं."

"ह्यांच्याबद्दलचं ह्यांनीच विचारायचं?" नानासो.

"कानडी येणारं दुसरं कोणी आहे का इथं? तुम्हाला येतं?"

नानासो बसले.

बाईंनी विचारलं. यल्लव्वाने एकदा न्यायाधीशांकडे, एकदा बाईंकडे बघितलं आणि ती लांबलचक बोलली. सगळ्यांची तोंडं बाईंकडे वळली.

"ज्वारीचं बोललो. पोराबाळांचं बोललो," त्या मराठीत म्हणाल्या. "ह्या बाई उन्हात उभ्या होत्या. तोंड सुकलेलं होतं. भुकेल्या दिसल्या. मी अर्धी भाकरी दिली. माझ्या मालकानं वाटेवरच्या माणसाला उपाशी पुढं जाऊ दिलं नाही कधी. त्यात माझं काय चुकलं?"

एक शब्द त्यांनी गाळला नाही. फक्त 'भुकेल्या' म्हणताना पिशवीतला भरलेला डबा त्यांच्या मांडीला टोचला.

न्यायाधीश काही वेळ खाली बघून लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण उद्या वरच्या कोर्टात ह्याच गोष्टीवर बोट ठेवलं जाईल, ते मला नको आहे. पुढच्या तारखेला दुसरा दुभाषी येईल. साक्ष पहिल्यापासून पुन्हा होईल. सांगा तिला."

हे शेवटचं कानडी बाईंनी फार हळू सांगितलं. यल्लव्वाला आधी समजलं नाही. मग तिने कठड्यावरचे हात काढून घेतले आणि एवढंच काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"मालकांना अजून एकदा मरायला लावायचं का, विचारते." 'मी' म्हणायचं राहिलं, हे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी ते दुरुस्त केलं. "असं विचारलं मी."

पुढची तारीख पडली.

आप्पासो वाटच बघत होता. बाईंनी बिलावरचं 'वडूज' खोडलं, 'मायणी' लिहिलं आणि शेजारी : 'मायणीपासून पुढे साक्षीदाराच्या गाडीतून. भाडे मागत नाही.' मग सही केली.

"तिकीट वडूजचं आन् परवास मायणीचा," आप्पासो पुटपुटला. "वरचं साहेब मला भादरतील." पण त्याने कागद नीट टाचला. "मावशी, पुन्यांदा बोलावत्यात का न्हाई, कोण जाणे."

"न बोलावू देत."

स्टँडकडे न जाता त्या रस्त्यावरच्या थांब्यावर उभ्या राहिल्या, गुडघे कुरकुरत होते. थोड्या वेळाने पिकअप आली आणि समोर थांबली. यल्लव्वाने आतून दार उघडलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. म्हातारीने परत खूण केली, जागा थोपटून दाखवली. बाईंनी परत मान हलवली आणि आता तोंड दुसरीकडे करावं की काय, ते त्यांना सुचेना.

दार मिटलं. पिकअप पुढे जाऊन रस्त्याच्या पलीकडे वळून उभी राहिली. धुळाने इंजिन बंद केलं. काचेआड यल्लव्वा त्यांच्याकडे तोंड करून बसून राहिली. ना ती खाली उतरली, ना बाईंनी रस्ता ओलांडला.

विट्यावरून तासगावला जाणारी एसटी आली तेव्हा उन्हं कलली होती. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. कंडक्टरने "कुठं?" विचारलं, "तासगाव" म्हणाल्या आणि तिकीट मुठीत धरलं. गाडी हलली, तेव्हा पलीकडच्या पिकअपचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज त्यांना आला.