एंटरवाले भाऊ

"झालं?" भाऊंनी विचारलं.

"झालं की!" नवी बाई म्हणाली आणि चहाला उठलीसुद्धा.

इस्पितळाच्या कचेरीत भाऊंची अकरा वर्षं या एका कामात गेली होती. तपासणी विभागाचा संगणक वेगळ्या जातीचा. ओळ संपली की तो एकच न दिसणारी खूण ठेवायचा. कचेरीतल्या संगणकाला दोन लागायच्या. त्यामुळे तिकडचा अहवाल इकडे उघडला की चाळीस ओळींची एकच लांबलचक ओळ! भाऊ एकेक ओळ शोधून एंटर मारत बसायचे. सगळे त्यांना एंटरवाले म्हणत आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं. अन् ही बाई! एक आज्ञा टाइप केली, अख्खं फोल्डर सरळ. भाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सकाळपासून चारदा त्या नव्या बाईचाच विषय," बायको घरी डबा भरताना म्हणालीच होती. "एवढे जळू नका, करपाल!"

दुपारी बाई आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. "भाऊ, एक्स-रेचे फोटो उघडत नाहीयेत. त्याच फोल्डरमध्ये होते. माझ्या आज्ञेनं त्यांच्यातही खुणा घुसवल्या."

"तिकडे मूळ फोटो असतील ना?"

"कालच पुसलेत. चार वाजता डॉक्टर मागतील हो!"

बरी जिरली, भाऊंना वाटलं. फाइलला हात लावण्याआधी तिची नक्कल करून ठेवायची, ही त्यांची जुनी खोड. या फोल्डरची कालची नक्कल खणातल्या पेनड्राइव्हमध्ये होती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी खणावर हात ठेवला.

"साहेबांना काय सांगणार?"

"काय सांगणार? चूक माझी आहे, तेच सांगते." ती निघालीही.

भाऊंना त्याचाही हेवा वाटला. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

"थांबा हो बाई," ते गुरकावले आणि त्यांनी खण ओढला.

पेनड्राइव्हमधलं फोल्डर उतरवून या वेळी बाईनं आज्ञा फक्त अहवालांवर चालवली. फोटो जसेच्या तसे उघडले. साहेबांना तिनं सगळं सांगितलं, भाऊंचं नाव घेऊन.

"शाब्बास, भाऊ!" साहेब म्हणाले. "आता सुटलात त्या कटकटीतून. उद्यापासून चौकशीच्या खिडकीवर बसा."

भाऊ जागेवर आले. सवयीनं एक अहवाल उघडला. चाळीसच्या चाळीस ओळी एकीखाली एक, आपापल्या जागी. त्यांची करंगळी मात्र आपसूक एंटरवर जाऊन बसली होती. त्या बटणावरची अक्षरं केव्हाच झिजली होती. भाऊंनी करंगळी हळूच उचलून घेतली.