खरवड आवडणारी आई

मित्रांनो, मी एक जुना, झिजल्या बुडाचा टोप आहे. माझ्या तळाशी अजूनही संध्याकाळी चमचा फिरतो. स्वयंपाकघरात कोणी नसतं, तरी फिरतो, अगदी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये असा. तुम्ही म्हणाल, म्हातारा झालाय, कान वाजत असतील. वाजू देत. तो हात मी ओळखतो.

भट्टीजवळ ठोकून ठोकून मला घडवलं, तेव्हा मी असा चकाचक होतो की लोक माझ्यात बघून केस सारखे करत. उमेदीची वर्षं एका खाणावळीत गेली. बूड पातळ झालं तशी माझी भंगारात रवानगी झाली. तिथून आईने मला उचललं. आई म्हणजे थोरलीची आणि धाकट्याची आई.

तिचा नवरा गोदामावर रखवालदार. पगार जेमतेम, पण बाई मोठी हिकमती, कोंड्याचा मांडा करणारी. बाजार उठायच्या वेळी जायची. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे, लोक फेकून देतात ते सगळं घेऊन यायची. डाळ सकाळीच भिजत घालायची, म्हणजे गॅस कमी लागतो. मग सगळं माझ्यात रटरटायचं. "पाला टाकायचा नाही, त्याने रक्त वाढतं," असं ती मुलांना बजावायची. मुलं गुटगुटीत झाली. शेजारीण विचारायची, "काय गं, यांना सोनं खाऊ घालतेस की काय?" आई हसायची आणि इकडे मी फुशारायचो.

पण बूड पातळ, त्यामुळे तळाला दरवेळी थोडं लागायचंच. तिघांची ताटं भरली की माझ्यात उरायची ती करपलेली खरवड. आई चमच्याने तीच खायची. धाकट्याने एकदा विचारलं, "आई, तू हे काय खातेस?"

"मला खरवड फार आवडते रे," ती म्हणाली.

घराने ते खरं मानलं आणि तिथेच घात झाला. प्रेमाने झाला, म्हणून जास्त वाईट. त्यानंतर खरवडीला कोणी हात लावेना, ती आईची. आईच्या वाढदिवसाला तर थोरलीने मुद्दाम आच मोठी ठेवली, मला चांगलं करपवलं आणि वाटीभर काळी खरवड हौसेने आईपुढे ठेवली. आईने सगळी खाल्ली, वर तोंडभरून कौतुक केलं. मला ओरडावंसं वाटलं. पण पोटात ठेवणं हाच टोपाचा धर्म.

पुढे आई भिंतीला धरून चालू लागली आणि एक दिवस अंथरुणाला खिळली. दवाखान्यातली नर्सताई घरी आली. तिने आईची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

"पालेभाजी खात नाहीत का या?"

"रोज शिजते," थोरली म्हणाली. "म्हणजे आम्ही खातो. आईला खरवड आवडते."

ताई माझ्यात डोकावली. तळाला नुसती काळी खरवड. तिच्यामागून थोरलीही डोकावली आणि तिचा चेहरा उतरला.

उशीर झाला होता. आई त्या अंथरुणावरून उठली नाही.

आता थोरली रांधते. बाबा रोज खरवड वाटीत काढून आईच्या जागेवर ठेवायला लावतात. "तिला आवडायची," म्हणतात. खरं काय ते थोरलीने बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं? वाटी तशीच राहते आणि माझ्या तळाशी चमचा फिरू लागतो. मला भीती वाटते, मित्रांनो. आईची नाही. ती काहीतरी सांगायला येते आणि ऐकायला फक्त मी असतो, याची.

परवा डाळ कमी पडली. थोरलीने बाबांना आणि धाकट्याला वाढलं, आईची वाटीही ठेवली आणि मग चमचा घेऊन मला जवळ ओढलं.

"तुम्ही जेवा. मला खरवड आवडते."

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आईच्या जागेवरची वाटी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा खरवड तोंडात घातली.

"कडू आहे गं ही."

"हो, बाबा."

"नेहमी अशीच असायची?"

थोरलीने मान डोलावली. मग त्यांनी आपलं ताट तिच्याकडे सरकवलं. "यातलं अर्धं घे. आणि माझ्यासमोर खा."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. माझं काय, आज ना उद्या पुन्हा भंगारात जाईन. पण असेल तेवढ्यात सगळ्यांचं भागवणारं एखादं माणूस तुमच्याही घरी असेल. ते म्हणालं, "मला हेच आवडतं," तर त्याच्या ताटातला एक घास आधी तुम्ही खाऊन बघा.